क्वेसारभोवतीची चकती कशी मोजायची: मायक्रोलेन्सिंगचा सविस्तर कृतिपाठ

गोव्यात मिरग लागला की दुर्बिणीवर चढलेलं प्लास्टिक चवथीपर्यंत तरी उतरत नाही. भिंगाला बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेल बदलत राहायचं, एवढंच निरीक्षकाच्या हाती उरतं. या महिन्यांसाठी मी एमएस्सीच्या मुलांना आणि पायथन येणाऱ्या हौशी खगोलप्रेमींना आवर्जून एक काम सुचवतो. दूरच्या क्वेसारमध्ये, म्हणजे एखाद्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्रात, कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीचा, म्हणजे अ‍ॅक्रिशन डिस्कचा, आकार मोजण्याचं. त्याला लॅपटॉप, वेधशाळांनी खुली केलेली निरीक्षणं आणि चिकाटी पुरते. पूर्ण रीत खाली देतो, पाऊल घसरतं त्या जागांसकट.

मोजायचं आहे ते किती लहान

सूर्याच्या १०० कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या. २५०० अँगस्ट्रॉमच्या अतिनील प्रकाशात त्याच्या चकतीची त्रिज्या ६ × १०^१५ सेंमीच्या आसपास भरते. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ही ४०० पट, आणि प्रकाशाला ती ओलांडायला सव्वादोन दिवस लागतात. पण क्वेसारची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं, आणि म्हणून अंतराचं, माप) २ असेल, तर आपल्या आकाशात हीच त्रिज्या जेमतेम ०.२ मायक्रो-आर्कसेकंद दिसते. एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची सावली टिपणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपची भेदनक्षमता सुमारे २० मायक्रो-आर्कसेकंद आहे. आपल्याला हवं ते त्याहून शंभरपट बारीक.

इथे मदतीला येतात मधल्या दीर्घिकेतले तारे. क्वेसार आणि आपण यांच्या मधोमध एखादी दीर्घिका आली की तिच्या गुरुत्वाकर्षणाने क्वेसारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. अशी पहिली जोडी, क्यू ०९५७+५६१, १९७९ साली सापडली. त्याच वर्षी चँग आणि रेफ्सडाल यांनी दाखवून दिलं की त्या दीर्घिकेतला एकेक ताराही प्रतिमेची दीप्ती कमीजास्त करू शकतो. यालाच मायक्रोलेन्सिंग म्हणतात. १९८९ साली अर्विन आणि सहकाऱ्यांनी पेगासस तारकासमूहातल्या आइन्स्टाइन क्रॉसमध्ये, म्हणजे क्यू २२३७+०३०५ मध्ये, ते प्रत्यक्ष पाहिलं.

उथळ, स्वच्छ समुद्रात पायाखालच्या वाळूवर उन्हाची हलती जाळी दिसते. त्या जाळीच्या झगझगीत रेषांना भौतिकीत कॉस्टिक म्हणतात, आणि ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणानेही अशीच जाळी क्वेसारच्या पातळीवर पडते. वाळूच्या कणावरून रेषा सरकली तर तो क्षणात उजळतो आणि विझतो. मोठ्या शिंपल्यावर मात्र एका वेळी अनेक रेषा आणि अनेक सावल्या पडतात, म्हणून त्याचा एकूण उजेड फारसा हलत नाही. चकती लहान असेल तर प्रतिमेची दीप्ती झपाट्याने आणि जोरात बदलते, मोठी असेल तर संथ आणि थोडी. या एकाच गोष्टीवर सारं मोजमाप उभं आहे.

जाळीची वीण किती मोठी, हे ताऱ्याच्या आइन्स्टाइन त्रिज्येवरून कळतं. ती काढायची ती क्वेसारच्या पातळीवर. चार गुणिले गुरुत्व स्थिरांक गुणिले ताऱ्याचं वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, ही एक राशी. आपल्यापासून क्वेसारचं अंतर गुणिले दीर्घिकेपासून क्वेसारचं अंतर, भागिले आपल्यापासून दीर्घिकेचं अंतर, ही दुसरी. दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे ही त्रिज्या. दीर्घिका ०.५ ताम्रसृतीवर, क्वेसार २ वर आणि तारा सूर्याएवढा धरला तर ती ५ × १०^१६ सेंमी येते. ०.३ सूर्यवस्तुमानाच्या ताऱ्यासाठी ती सुमारे ३ × १०^१६ होते. म्हणजे चकती विणीपेक्षा काहीशी लहान, पण नगण्य नाही. हा योग जुळला नसता तर ही पद्धतच चालली नसती.

पहिली पायरी: लक्ष्य निवडणं

निवडताना तीन गोष्टी पाहा: प्रतिमा एकमेकींपासून सुट्या दिसतात का, त्यांच्यातला कालविलंब (एकीतला बदल दुसरीत किती दिवसांनी दिसतो) किती आहे आणि निरीक्षणं किती वर्षांची आहेत. सुरुवात एचई ०४३५-१२२३ पासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. चार प्रतिमा, क्वेसारची ताम्रसृती १.६९, दीर्घिकेची ०.४५, आणि प्रतिमांमधले विलंब दोन आठवड्यांच्या आत. ६५०० अँगस्ट्रॉमच्या तांबड्या गाळणीतून टिपलेला त्याचा प्रकाश उगमाशी सुमारे २४०० अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणून निकाल वरच्या २५०० च्या आकड्याशी थेट ताडता येतो.

आइन्स्टाइन क्रॉसचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. त्याची दीर्घिका फार जवळ, ०.०३९ ताम्रसृतीवर आहे. त्यामुळे जाळी वेगाने सरकते आणि काही महिन्यांत बदल दिसतात. कालविलंबही जवळजवळ नाहीत. पण चारही प्रतिमा १.८ आर्कसेकंदांत आणि दीर्घिकेच्या झगमगत्या केंद्राभोवती दाटलेल्या असल्याने दीप्ती मोजणं अवघड जातं. ओगल या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाने १९९७ पासून मोजून ठेवलेली दीप्ती आयती मिळते, तिचाच आधार घ्या. आरएक्सजे ११३१-१२३१ मध्ये मायक्रोलेन्सिंग जोरदार आहे, तीन प्रतिमा जवळपास एकाच वेळी बदलतात आणि चौथी सुमारे तीन महिन्यांनी मागून येते. मात्र क्वेसार ज्या दीर्घिकेत आहे तिच्या प्रतिमेचं कडं मोजमापात घुसतं. हे दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

दुसरी पायरी: निरीक्षणं मिळवणं

मुख्य साठा प्रतिमांचे कालविलंब मोजणाऱ्या कॉस्मोग्रेल या प्रकल्पाचा. चिलीतल्या ला सिया इथल्या १.२ मीटरच्या ऑयलर दुर्बिणीबरोबर लडाखमधल्या हान्ले इथली आपली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीणही त्यात वापरली गेली आहे. २०२० साली या गटाने १८ क्वेसारांची पंधरा वर्षांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. तक्त्यात प्रत्येक रात्रीची तारीख, प्रत्येक प्रतिमेची प्रत (लॉग प्रमाणातली दीप्ती) आणि तिची त्रुटी असते. सुरुवातीला याहून काही लागत नाही.

गोव्यातून स्वतः काही टिपायचंच असेल तर क्यू ०९५७+५६१ घ्या. सप्तर्षीतली ही जोडी सुमारे १७व्या प्रतीची आहे आणि तिच्या दोन प्रतिमांत ६ आर्कसेकंदांचं अंतर आहे. दमट हवेत, समुद्रसपाटीवरही त्या सुट्या होतात. पणजीच्या अक्षांशावरून ती क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर येते, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर मध्यरात्री मध्यमंडलावर असते. तुळशीच्या लग्नानंतर आकाश निवळतं. सत्तरी किंवा सांगे भागातल्या अंधारातून २० ते २५ सेंमीच्या परावर्ती दुर्बिणीने, तांबड्या गाळणीतून, दोन-तीन मिनिटांच्या अनेक चौकटी एकमेकींवर रचून ती मिळते. मात्र या जोडीचा कालविलंब ४१७ दिवसांचा आहे. तुमची एका हंगामातली निरीक्षणं चकतीचा आकार देणार नाहीत. दीप्तिमापनाचा हात बसावा म्हणून ती करा, आणि त्यासाठी ती फारच मोलाची आहेत.

दीप्तिमापनात एकच पथ्य सांगतो. प्रतिमेभोवती वर्तुळ काढून आतला उजेड मोजायची साधी रीत इथे वापरू नका, शेजारच्या प्रतिमेचा आणि दीर्घिकेचा उजेड त्यात मिसळतो. त्याच चौकटीतल्या एकट्या ताऱ्यावरून बिंदूचा पसारा कसा दिसतो ते ठरवा आणि त्या साच्यात सगळ्या प्रतिमा एकाच वेळी बसवा.

तिसरी पायरी: क्वेसारचं स्वतःचं लुकलुकणं वजा करणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. प्रतिमेच्या दीप्तीतले बदल दोन प्रकारचे असतात. क्वेसार स्वतः कमीजास्त होतो, तो बदल प्रत्येक प्रतिमेत तसाच दिसतो, फक्त वेगवेगळ्या दिवशी. ताऱ्यांमुळे होणारा बदल मात्र प्रत्येक प्रतिमेचा वेगळा, कारण प्रत्येकीचा प्रकाश दीर्घिकेच्या निराळ्या भागातून येतो. म्हणून एक प्रकाशवक्र कालविलंबाइतका सरकवायचा आणि दुसऱ्यातून वजा करायचा. प्रतींमध्ये वजाबाकी म्हणजे दीप्तीचं गुणोत्तर. क्वेसारचा बदल त्यातून निघून जातो आणि उरतो तो ताऱ्यांचा.

कागदावर सोपं वाटतं, पण दोन वक्रांचे बिंदू एकाच दिवशी कधीच नसतात, म्हणून मधल्या किंमती काढाव्या लागतात. दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढू नका. एक वक्र स्प्लाइनने किंवा गाउसीय यादृच्छिक प्रक्रियेने गुळगुळीत करा, आणि प्रत्येक किंमतीबरोबर तिची अनिश्चितताही पुढे न्या. पायसीएस३ नावाचं खुलं सॉफ्टवेअर विलंब मोजण्यासाठीच आहे, आणि ही हाताळणीही त्यात करता येते. यादृच्छिक फलनाची एकमेकांना लंब असलेल्या घटकांत फोड करता येते, हे या साऱ्यामागचं गणित. ते १९४३ साली मांडणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते, १९०७ साली गोव्यात जन्मलेले. आज ते प्रमेय कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह या नावाने शिकवलं जातं, आणि गोव्यातल्या विद्यार्थ्याने ते मुळातून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दरवर्षी काही महिने क्वेसार सूर्यामागे जातो, तिथे वक्रात खिंडार पडतं. त्या खिंडारात काढलेली किंमत टाकून द्या. विलंबामुळे एका प्रतिमेचा बिंदू दुसरीच्या खिंडारात पडत असेल तर तो बिंदूच वगळा. एचई ०४३५ मध्ये विलंब कमी असल्याने फार थोडे बिंदू जातात. क्यू ०९५७ मध्ये वर्षाहून मोठ्या विलंबाचा हिशेब दोन-दोन हंगाम जोडून करावा लागतो.

आता शून्य कुठे धरायचं? ताऱ्यांचा हात नसता तर दोन प्रतिमांचं गुणोत्तर किती असतं, हे ठाऊक हवं. दीर्घिकेच्या प्रतिमानातून ते मिळतं, पण मध्य-अवरक्त किंवा रेडिओ निरीक्षणं असतील तर त्यांवर जास्त भरवसा ठेवा. तो प्रकाश इतक्या विस्तीर्ण भागातून येतो की ताऱ्यांच्या जाळीचा त्यावर परिणाम होत नाही. वाटेतल्या धुळीनेही एखादी प्रतिमा लाल आणि मंद होते. पण धूळ वर्षानुवर्षं तशीच राहते आणि मायक्रोलेन्सिंग बदलतं, म्हणून बदलांवर लक्ष ठेवलं की धुळीचा घोटाळा बराच टळतो.

चौथी पायरी: जाळीचा नकाशा

प्रत्येक प्रतिमेच्या जागी दीर्घिकेचे तीन आकडे लागतात: एकूण वस्तुमानाची घनता कप्पा, बाजूची ओढ गॅमा आणि कप्पातला ताऱ्यांचा वाटा. पहिले दोन लेन्सट्रॉनॉमी किंवा ग्लाफिक या खुल्या सॉफ्टवेअरमधून काढा. समजा दोन्ही ०.४५ आले. (१ − कप्पा) चा वर्ग वजा गॅमाचा वर्ग, म्हणजे ०.३०२५ − ०.२०२५ = ०.१. याचा व्यस्त १०, म्हणून ती प्रतिमा सरासरी दहापट उजळलेली. दोन्ही ०.५५ असतील तरी उत्तर दहाच, पण चिन्ह उणे. ही खोगीर-प्रतिमा. ताऱ्यांमुळे ती फार मंद होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून दोन्ही प्रकारांचे नकाशे वेगळे करावेच लागतात. ताऱ्यांचा वाटा एकच धरून बसू नका. ५ टक्क्यांपासून पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत आठ-दहा किंमती घ्या आणि निरीक्षणांनाच ठरवू द्या.

नकाशा करण्याची रीत उलट किरण सोडण्याची. आपल्याकडून दीर्घिकेकडे किरण सोडायचे, प्रत्येक किरण गुळगुळीत वस्तुमानाने, बाजूच्या ओढीने आणि प्रत्येक ताऱ्याने किती वळतो याची बेरीज करायची आणि तो क्वेसारच्या पातळीवर कुठल्या चौकोनात पडला ते मोजायचं. जिथे किरण दाट, तिथे दीप्ती जास्त. वाम्बसगान्स यांनी लांबच्या ताऱ्यांचे गट करून ही रीत वेगवान केली.

इथे एक चूक नेहमी होते. नकाशा २५ आइन्स्टाइन त्रिज्यांचा चौरस हवा म्हणून किरणही तेवढ्याच चौरसातून सोडले जातात. वरच्या उदाहरणात मात्र एका दिशेला १ − कप्पा − गॅमा = ०.१ आहे, म्हणून त्या दिशेला २५ ऐवजी २५० त्रिज्यांच्या पट्ट्यातून किरण सोडायला हवेत. दुसऱ्या दिशेला २५ पुरतात. ताऱ्यांची घनता ०.१ धरली तर त्या पट्ट्यात सुमारे २०० तारे येतात, आणि कडांपलीकडेही भरपूर तारे ठेवावे लागतात. नकाशा झाला की सगळ्या चौकोनांची सरासरी काढा. ती दहाच्या जवळ आली नाही तर पुढे जाऊ नका.

स्वतः एक लहान नकाशा जरूर करा, २००० × २००० चौकोनांचा. खऱ्या कामासाठी मात्र जर्लम्फ या ऑस्ट्रेलियातल्या साठ्यातले तयार नकाशे घ्या: २५ त्रिज्यांचा चौरस, १०,००० × १०,००० चौकोन. ०.३ सूर्यवस्तुमानाला एक चौकोन सुमारे ७ × १०^१३ सेंमीचा पडतो, चकतीपेक्षा पुरेसा बारीक.

पाचवी पायरी: चकती फिरवून पाहणं

नकाशा बिंदूएवढ्या स्रोतासाठी असतो. चकतीसाठी तो तिच्या आकाराइतका पसरवायचा, म्हणजे कन्व्होल्यूशन करायचं. लॉग प्रमाणात १०^१४.५ ते १०^१७ सेंमीपर्यंत पंधरा-वीस आकार घ्या. चकतीतला उजेड नेमका कसा उतरतो याने फार फरक पडत नाही, अर्धा उजेड ज्या वर्तुळात मावतो त्याची त्रिज्याच निर्णायक ठरते. हे २००५ साली मॉर्टन्सन, शेक्टर आणि वाम्बसगान्स यांनी दाखवलं आहे. म्हणून गाउसीय ठिपका चालेल. फूरिये रूपांतराने पसरवताना नकाशाची एक कड दुसऱ्या कडेत मिसळते, ती पट्टी कापून टाका.

आता प्रत्येक नकाशावर यादृच्छिक जागी, यादृच्छिक दिशेने रेघ ओढा. त्या रेघेवरची दीप्ती म्हणजे एक संभाव्य प्रकाशवक्र. दोन प्रतिमांच्या अशा वक्रांची वजाबाकी करा, तिसऱ्या पायरीतल्या वक्राशी जुळवा आणि काय-वर्ग (दोन्ही वक्र एकमेकांपासून किती हटतात याचं माप) काढा. लाखो रेघा ओढाव्या लागतात आणि बहुतेक फुकट जातात. पहिल्या काही बिंदूंतच काय-वर्ग फार चढला तर रेघ तिथेच सोडून द्या, बराच वेळ वाचतो. जुळलेल्या रेघांना त्यांच्या संभाव्यतेचं वजन देऊन आकारांचं वितरण मिळवायचं. सर्वोत्तम जुळलेली एकच रेघ उत्तर म्हणून कधीही देऊ नका. कोचानेक यांनी २००४ साली आइन्स्टाइन क्रॉससाठी वापरलेली रीत हीच.

सेंटीमीटर कुठून येतात

प्रकाशवक्र सेंटीमीटर जाणत नाही. तो फक्त आइन्स्टाइन त्रिज्येच्या पटीत आकार सांगतो, आणि त्या त्रिज्येत ताऱ्याच्या वस्तुमानाचं वर्गमूळ दडलेलं असतं. शिवाय मोठी चकती वेगाने सरकली काय आणि लहान चकती संथ सरकली काय, वक्र सारखाच दिसू शकतो.

यातून वाट निघते ती वेगामुळे. पटींत मोजलेला आकार आणि पटींत मोजलेला वेग एकत्रच वाढतात. म्हणून खऱ्या वेगाचा अंदाज बाहेरून घातला की आकार थेट सेंटीमीटरमध्ये मिळतो आणि ताऱ्याच्या वस्तुमानाचा प्रभाव बऱ्याच अंशी गळून पडतो. वेगात चार वाटे धरा: वैश्विक पार्श्वभूमीच्या तुलनेत सूर्याची सेकंदाला सुमारे ३७० किमीची गती (दृष्टिरेषेला लंब भागच घ्यायचा), दीर्घिकेतल्या ताऱ्यांची आपापली धाव, खुद्द दीर्घिकेची गती आणि क्वेसारची गती. प्रत्येकीला अंतरांच्या गुणोत्तराने आणि ताम्रसृतीच्या योग्य घटकाने क्वेसारच्या पातळीवर आणायला विसरू नका. उलट, एकाच रात्रीच्या निरीक्षणावरून आकार काढला तर वेगाची मदत नाही आणि उत्तर वस्तुमानाच्या वर्गमुळाला बांधलेलं राहतं. लांब पल्ल्याच्या निरीक्षणांचं मोल त्यासाठी आहे.

खोट्या क्वेसारवर परीक्षा

खऱ्या निकालावर विश्वास ठेवण्याआधी नकाशावर एक रेघ ओढा, ३ × १०^१५ सेंमीची चकती धरून वक्र काढा, त्यात खऱ्या निरीक्षणांएवढ्याच त्रुटी आणि तीच खिंडारं घाला. आता हा वक्र अनोळखी समजून सगळी रीत पुन्हा चालवा. घातलेला आकार मिळालेल्या पट्ट्यात बसायला हवा. वेगवेगळे आकार घालून हे अनेकदा करा. मार्गदर्शकांना मी नेहमी सांगतो, विद्यार्थ्याचा हा आलेख पाहिल्याशिवाय त्याचा निकाल पाहू नका.

सिद्धांताशी ताळा

शाकुरा आणि सुन्याएव यांच्या १९७३ च्या पातळ चकतीत तापमान त्रिज्येच्या ३/४ घाताने उतरतं, म्हणून आकार तरंगलांबीच्या ४/३ घाताने वाढतो. १०० कोटी सूर्यवस्तुमान, एडिंग्टन मर्यादेच्या (प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलतो त्या तेजाच्या) एक तृतीयांश तेज आणि १० टक्के कार्यक्षमता धरली तर २५०० अँगस्ट्रॉमला त्रिज्या सुमारे २.३ × १०^१५ सेंमी येते. मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक क्वेसारांवरून काढलेल्या संबंधात तीच ६ × १०^१५ आहे. मोजलेली चकती अडीचपटींहून मोठी. एनजीसी ५५४८ या जवळच्या दीर्घिकेत प्रकाशाच्या प्रतिध्वनीने, म्हणजे अगदी वेगळ्या पद्धतीने मोजतानाही चकती अपेक्षेच्या सुमारे तिप्पट निघाली, म्हणून याला फक्त मायक्रोलेन्सिंगचा दोष म्हणता येत नाही. चकतीत तापमान जागोजागी चढउतार करत असावं, बाहेरच्या वायूतून विखुरलेला उजेडही मोजला जात असावा, अशी स्पष्टीकरणं पुढे आली आहेत. वाद मिटलेला नाही. तुमचा निकाल सिद्धांतापेक्षा मोठा आला म्हणून तो खाली ओढायचा मोह टाळा.

दोन गाळण्यांतली निरीक्षणं असतील तर तापमानाचा उतारही तपासता येतो. ४७०० आणि ९००० अँगस्ट्रॉममध्ये पातळ चकतीने आकारात २.४ पटींचा फरक द्यायला हवा. हे गुणोत्तर ताऱ्यांच्या वस्तुमानावर अवलंबून नसतं, म्हणून मला ते एकट्या आकारापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

निकाल लिहिताना उगमाशी असलेली तरंगलांबी, त्रिज्या कोणत्या व्याख्येची (पातळ चकतीची अर्ध-उजेड त्रिज्या तिच्या मापन-त्रिज्येच्या, म्हणजे जिथलं तापमान त्या तरंगलांबीशी जुळतं त्या त्रिज्येच्या, २.४४ पट असते), वेगाचं गृहीतक, ताऱ्यांचं सरासरी वस्तुमान आणि चकतीचा कल किती धरला, हे सगळं द्या. चकती आपल्याकडे तिरकी असेल तर कलाच्या कोसाइनचं वर्गमूळ हिशेबात येतं. ६० अंश ही नेहमीची निवड आहे. त्रुटी लॉग प्रमाणात द्या. एका क्वेसारसाठी आकार दुप्पट किंवा निम्मा असू शकतो एवढी अनिश्चितता उरली तरी ते चांगलं मोजमाप समजलं जातं.